डेटाबेस प्रशासकाची शंका : एक ऐतिहासिक मागोवा

संगणकप्रणालीतील बिघाडाचे निदान उत्पादक कंपनीकडून करून घेण्याची प्रथा जुनी आहे. पूर्वी त्यासाठी अभियंता यंत्राजवळ येत असे. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कारभार आवरला, तेव्हा तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. दुरुस्ती करणारे बदलले. दुरुस्ती मात्र यंत्राजवळच होत राहिली.

पुढे दूरस्थ साहाय्य रूढ झाले आणि अभियंत्याऐवजी माहितीच प्रवास करू लागली. २००७ च्या ओरॅकल ११जी आवृत्तीत तर बिघाडाच्या नोंदी एकत्र बांधून कंपनीकडे पाठविण्याची सोयच अंतर्भूत झाली. अशा नोंदींत सर्व्हरची नावे, तक्त्यांची रचना व एसक्यूएल आज्ञा असतात. एखाद्या आज्ञेत ग्राहकाचा खाते क्रमांकही असू शकतो. तो पुसावा, तर काही वेळा निदानाचा धागाच तुटतो. प्रशासकाची खरी कोंडी येथे आहे.

त्याची शंका अनाठायी नव्हती, हे २०२३ मध्ये दिसून आले. ऑक्टा या ओळख-व्यवस्थापन कंपनीच्या ग्राहक-साहाय्य प्रणालीत घुसखोरी झाली. तपासासाठी ग्राहकांनीच दिलेल्या फायलींतील सत्र-टोकन वापरून पाच ग्राहकांची सत्रे बळकावण्यात आली. त्याच वर्षी भारतात संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, माहितीवरील प्रक्रिया इतरांकडे सोपविली तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेवरच ठेवले. माहितीचा ताबा जातो, जबाबदारी उरते. त्यामुळे फाईल पाठविण्यापूर्वी स्वतः वाचून पाहण्याचा प्रशासकाचा आग्रह हा त्या जबाबदारीचाच भाग ठरतो.