मुदत चुकली, तर भुर्दंड कोणाला?

रुग्ण बरा होऊन घरी गेला, तरी त्याच्या उपचारांचा हिशेब पुढे कित्येक महिने चालू राहतो. अमेरिकेत हा हिशेब प्रामुख्याने ‘मॅनेज्ड केअर’ म्हणजेच व्यवस्थापित आरोग्यसेवेच्या करारांनी बांधलेला असतो. या पद्धतीत विमा कंपनी निवडक डॉक्टर व रुग्णालयांशी आधीच दर ठरवते, सभासदांना शक्यतो त्यांच्याकडेच पाठवते आणि कोणता उपचार आवश्यक आहे, यावरही नजर ठेवते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २९ डिसेंबर १९७३ रोजी ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’ कायद्यावर स्वाक्षरी केली आणि या पद्धतीला सरकारी पाठबळ मिळाले. गरिबांसाठी असलेल्या ‘मेडिकेड’ योजनेचे सुमारे तीन-चतुर्थांश लाभार्थी आज अशा कंपन्यांकडे सोपवलेले आहेत.

या करारांत तारखांना मोठे महत्त्व असते. कोणता कागद कोणी, किती दिवसांत पाठवायचा आणि तो वेळेत न पोहोचल्यास काय होईल, हे त्यात नमूद केलेले असते. ही कलमे वरवर कारकुनी वाटतात. पण लहान दवाखान्यातील परिचारिकांचा पगार वेळेवर होणार की नाही, हे अनेकदा त्यांवरच ठरते.

टेक्सास राज्याचे उदाहरण बोलके आहे. तेथील कायद्यानुसार उपचार दिल्यापासून ९५ दिवसांच्या आत डॉक्टरने किंवा रुग्णालयाने विमा कंपनीकडे दावा दाखल करावा लागतो. ही मुदत करारानेच वाढवलेली नसेल आणि मोठी आपत्तीही ओढवलेली नसेल, तर ती चुकताच त्या बिलाचे पैसे मिळण्याचा हक्कच संपतो. याउलट, सर्व कागदपत्रे पूर्ण असलेला, म्हणजे तेथील परिभाषेत ‘क्लीन’ दावा हाती आल्यावर कंपनीने तो संगणकाद्वारे आला असल्यास ३० दिवसांत आणि कागदावर आला असल्यास ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. तिने मुदत चुकवली, तर मूळ रकमेवर दंड चढतो. समजा, रुग्णालयाचे बिल १००० डॉलरचे आणि कराराचा दर ६०० डॉलरचा आहे. पहिल्या ४५ दिवसांच्या विलंबाला या दोहोंतील फरकाचा निम्मा भाग, म्हणजे २०० डॉलर दंड पडतो. ४६ ते ९० दिवसांच्या विलंबाला पूर्ण फरक, म्हणजे ४०० डॉलर द्यावे लागतात. त्यापुढे दंडाच्या रकमेवर वार्षिक १८ टक्के व्याजही द्यावे लागते. मोठ्या बिलांसाठी दंडाला कमाल मर्यादा आहे: पहिल्या टप्प्यात एक लाख, तर दुसऱ्या टप्प्यात दोन लाख डॉलर.

अमेरिकेच्या मानाने ही तरतूद बरीच कडक आहे. तरीही तराजू समतोल नाही. कंपनीला उशिराची किंमत मोजावी लागते, तर रुग्णालयाला संपूर्ण रकमेवर पाणी सोडावे लागते. न्यूयॉर्कने या बाबतीत थोडा मवाळ मार्ग स्वीकारला आहे. तेथे दाव्यासाठी साधारणतः १२० दिवस मिळतात. त्यानंतर आलेला दावा नेहमी वेळ पाळणाऱ्या डॉक्टरचा असेल आणि विलंबाला असाधारण कारण असेल, तर कंपनीने त्याचा फेरविचार करायचा असतो. मात्र तिला त्यातून २५ टक्क्यांपर्यंत रक्कम कापता येते. कंपनीच्या विलंबाला तेथे किमान १२ टक्के वार्षिक व्याज आहे. वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ योजनेत २०१० च्या कायद्याने दाव्यासाठी एक वर्षाची मुदत ठरवली. खासगी करारांत मात्र ९० ते १८० दिवसांच्या मुदती सर्रास आढळतात. एकाच दवाखान्याचे दहा कंपन्यांशी करार असले, तर मुदतीही दहा प्रकारच्या असू शकतात. या तारखा सांभाळण्याचे काम बरेचदा भारतात होते. पुणे-मुंबईतील अनेक कार्यालयांत अमेरिकी रुग्णालयांची बिले तयार होतात.

दाखल केलेला दावा कंपनीला नेमका केव्हा पोहोचला, हा वादाचा नेहमीचा मुद्दा. म्हणून पाठवल्याच्या नोंदीपेक्षा कंपनीने तो स्वीकारल्याची संगणकीय पोच अधिक मोलाची ठरते. कंपनीच्या यादीतील रुग्णालयाने मुदत चुकवली, तरी ती रक्कम रुग्णाकडून वसूल करता येत नाही, असे कलम बहुतेक करारांत असते.

विमा कंपनीने सरकारला द्यावयाचे अहवाल हा या करारांचा दुसरा आणि कमी चर्चिला जाणारा भाग. मेडिकेडमध्ये राज्य सरकार कंपनीला दर सभासदामागे दरमहा ठरावीक रक्कम देते, मग तो डॉक्टरकडे जावो अथवा न जावो. त्यामुळे प्रत्येक तपासणीचे बिल सरकारकडे येत नाही. त्याऐवजी कंपनीने प्रत्येक भेटीची नोंद पाठवायची असते. तिला ‘एन्काउंटर डेटा’ म्हणतात. मुंबईकरांच्या कानांना हा शब्द दचकवील, पण येथे त्याचा अर्थ रुग्ण आणि डॉक्टर यांची भेट एवढाच. ही नोंद आली नाही, तर मुलाला लस टोचली गेली की केवळ तिचे पैसे घेतले गेले, हे सरकारला कळण्याचा मार्गच उरत नाही. शिवाय पुढील वर्षांचे दर ठरवताना किमान तीन अलीकडच्या वर्षांच्या नोंदी विमागणितज्ज्ञांना पुरवाव्या लागतात. त्या अपुऱ्या असतील, तर दरही चुकतात.

म्हणूनच राज्यांच्या करारांना अहवालांचे वेळापत्रक आणि विलंबाच्या दररोजच्या रकमेचे कोष्टक जोडलेले असते. तक्रारींची नोंदवही, आर्थिक विवरणपत्रे, डॉक्टरांची अद्ययावत यादी या सर्वांना ते लागू असते. ही रक्कम राज्याला कंपनीच्या मासिक हप्त्यातूनही वळती करून घेता येते. मात्र अमेरिकी न्यायालये करारातील निव्वळ शिक्षेचे कलम मान्य करत नाहीत. त्यामुळे तिला दंड न म्हणता नुकसानीचा आधीच केलेला वाजवी अंदाज म्हटले जाते. राज्यांवरही केंद्राचा वचक आहे: २०१६ च्या नियमांनुसार एन्काउंटरच्या नोंदी पूर्ण, अचूक आणि वेळेत न दिल्यास केंद्राचा निधी रोखला जाऊ शकतो.

या साऱ्या मुदती संगणकीय यंत्रणा चालू राहील, हे गृहीत धरून आखलेल्या आहेत. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘चेंज हेल्थकेअर’ या कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्या गृहीतकाला तडा गेला. बँकांच्या धनादेशांप्रमाणे दवाखाने व विमा कंपन्यांमधील दाव्यांची देवाणघेवाण करणारी ही यंत्रणा ठप्प होताच हजारो दवाखान्यांना दावे पाठवता येईनात. मुदतीचे दिवस मात्र सरत होते. काही विमा कंपन्यांनी ही अट तात्पुरती शिथिल केली, तर मेडिकेअरने मार्चपासून आगाऊ रकमा दिल्या. अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशनच्या त्याच महिन्यातील पाहणीत ९४ टक्के रुग्णालयांनी आर्थिक फटका बसल्याचे सांगितले. चेंज हेल्थकेअरची मालकी असलेला युनायटेडहेल्थ समूहच देशातील सर्वांत मोठी आरोग्यविमा कंपनीही चालवतो.