आफ्रो-क्यूबन ढोलवादन व उपासनापरंपरा

कॅरिबियन समुद्रातील क्यूबा बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी व त्यांच्या वंशजांनी जतन केलेली ढोलवादन, गायन, नृत्य आणि देवतोपासना यांची संयुक्त परंपरा. या परंपरेत वादन हे उपासनेपासून वेगळे काढता येत नाही. ढोल हे देवतेला आवाहन करण्याचे साधन आहेच. परंतु काही ढोल स्वतःच दैवत मानले जातात. ही विद्या ग्रंथांतून वा स्वरलिपीतून नव्हे, तर गुरूच्या शेजारी बसून, कानाने व हाताने आत्मसात केली जाते. त्यामुळे तिचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्यास हाव्हॅना, रेग्ला, मातान्सास इ. ठिकाणी प्रत्यक्ष जावे लागते. विसाव्या शतकात संशोधक, वादक, नर्तक व उपासक यांनी केलेल्या अशा प्रवासांमुळे ही परंपरा जगाला ज्ञात झाली. तथापि त्याच प्रवासांमुळे तिच्यापुढे नवे प्रश्नही उभे राहिले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : क्यूबात आफ्रिकी गुलाम आणण्यास सोळाव्या शतकातच प्रारंभ झाला, परंतु त्यांची फार मोठी आयात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून झाली. १७९१ मध्ये हैती येथे गुलामांचा उठाव होऊन तेथील साखरधंदा मोडकळीस आला व त्याची जागा क्यूबाने घेतली. उसाच्या मळ्यांसाठी मजुरांची मागणी वाढली. स्पेनने १८१७ मध्ये इंग्लंडशी करार करून गुलामांचा व्यापार बंद करण्याचे मान्य केले होते. तरी चोरटा व्यापार १८६० नंतरच्या दशकापर्यंत चालूच राहिला. एकूण सात ते आठ लाख आफ्रिकी लोक या बेटावर आणले गेले, असा अंदाज आहे. गुलामगिरीची प्रथा १८८६ मध्ये कायद्याने संपुष्टात आली.

हे लोक विविध प्रदेशांतील व विविध भाषा बोलणारे होते. काँगो नदीच्या खोऱ्यातील बांटू भाषिकांपासून ‘पालो’ हा उपासनापंथ निर्माण झाला. दाहोमे प्रदेशातून आलेल्यांना ‘आरारा’ आणि कालाबार किनाऱ्यावरून आलेल्यांना ‘काराबाली’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या नायजेरियातील ओयो या योरुबा राज्याचा ऱ्हास झाला व युद्धांत पकडलेले असंख्य योरुबा लोक क्यूबात विकले गेले. त्यांना तेथे ‘लुकुमी’ हे नाव पडले. त्यांच्या धर्माला ‘रेग्ला दे ओचा’ किंवा ‘सान्तेरिया’ असे म्हणतात.

स्पॅनिश शासनाने शहरांतील आफ्रिकी लोकांना आपापल्या जमातीनुसार मंडळे स्थापन करण्याची मुभा दिली होती. ‘काबील्दो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळांना एखाद्या ख्रिस्ती संताचे नाव दिले जाई. आजारी सभासदांना मदत, मृतांचे दफन, सभासदांच्या मुक्ततेसाठी वर्गणी ही कामे ती करीत. ६ जानेवारीच्या सणाला ढोल वाजवीत मिरवणूक काढण्याची त्यांना परवानगी होती. काबील्दोच्या आश्रयानेच आफ्रिकेतील भाषा, देवता व ताल टिकून राहिले.

याच काळात ओरिचा म्हणजे योरुबा देवता आणि कॅथलिक संत यांची सांगड घातली गेली. मेघगर्जनेचा देव चांगो हा संत बार्बारेशी, सागराची देवता येमाया रेग्लाच्या कुमारी मातेशी, तर नदी व प्रेम यांची देवता ओचुन क्यूबाची संरक्षक मानल्या गेलेल्या कोब्रेच्या मातेशी एकरूप मानली गेली. रोगनिवारक बाबालू आये हा संत लाझारसशी जोडला गेला. १७ डिसेंबरला हाव्हॅनाजवळील एल रिंकोन येथील त्याच्या देवस्थानास हजारो भाविक जातात आणि त्यांपैकी काही नवस फेडण्यासाठी गुडघ्यांवर वा सरपटत ते अंतर तोडतात. ही सांगड केवळ मालकांची दिशाभूल करण्यासाठी होती, असे पूर्वी समजले जाई. तथापि अनेक उपासकांच्या दृष्टीने संत व ओरिचा ही एकाच शक्तीची दोन रूपे आहेत.

बाता ढोल : लुकुमी उपासनेतील सर्वांत प्रतिष्ठित वाद्य म्हणजे बाता हा तीन ढोलांचा संच होय. प्रत्येक ढोल एकाच लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेला, मध्ये निमुळता व दोन्ही तोंडांना चामडे मढविलेला असतो. तो मांडीवर आडवा ठेवून दोन्ही हातांनी वाजवितात. दोन्ही तोंडांच्या आकारांत फरक असल्याने एका ढोलातून निरनिराळ्या उंचीचे ध्वनी निघतात. सर्वांत मोठ्या ढोलास ‘इया’ म्हणजे आई, मधल्यास ‘इतोतेले’ व लहानास ‘ओकोंकोलो’ अशी नावे आहेत. इयाला घुंगरांचे पट्टे बांधलेले असतात. पखवाजाच्या धुमेवर कणीक लावतात, त्याप्रमाणे बाताच्या मोठ्या तोंडावर विशिष्ट लेप देऊन त्याचा नाद खोल करण्याची पद्धत आहे. ओकोंकोलो आपला लहानसा तालबंध अखंड चालू ठेवतो, इतोतेले त्यात भर घालतो आणि इया प्रश्न विचारते, तेव्हा त्याला उत्तरही देतो. योरुबा भाषेत स्वराच्या चढउतारानुसार शब्दाचा अर्थ बदलतो. आफ्रिकेत बाता ढोल हे चढउतार वाजवून अक्षरशः बोलत असत. क्यूबात ती भाषा रोजच्या व्यवहारातून गेली व केवळ उपासनेत उरली. परंतु तिच्या लयीच्या खुणा तालबंधांत राहिल्या.

विधिपूर्वक प्रतिष्ठापना केलेल्या बाता ढोलांत ‘आन्या’ या दैवताचा वास असतो, अशी श्रद्धा आहे. असे ढोल केवळ दीक्षित पुरुष वाजवू शकतात. ढोलांना नैवेद्य दाखवितात, ते जमिनीवर ठेवीत नाहीत आणि सूर्यास्तानंतर वाजवू नयेत असा संकेत आहे. नवा संच सिद्ध करताना त्याला जुन्या संचाकडून ‘जन्म’ द्यावा लागतो. त्यामुळे ढोलांचीही वंशावळ सांगितली जाते. ही परंपरा १८३० च्या सुमारास हाव्हॅनात आन्याबी व आतांदा या दोन आफ्रिकी कारागिरांपासून सुरू झाली, असे परंपरागत कथन आहे.

विधीचा प्रारंभ बंद गाभाऱ्यात देवतांच्या वेदीसमोर होतो. तेथे गायन नसते. केवळ ढोलांच्या भाषेत एकेका ओरिचाला क्रमाने वंदन करतात. पहिला मान रस्त्यांचा व उंबरठ्यांचा अधिपती एलेगुआ याचा असतो. त्यानंतर मोठ्या दालनात गायन व नृत्य सुरू होते. मुख्य गायक एक चरण म्हणतो व जमलेले लोक त्याला प्रतिसाद देतात. वादन रंगल्यावर एखाद्या दीक्षित उपासकाच्या अंगात ओरिचा येतो. त्या वेळी तो मनुष्य देवतेच्या पोशाखात वावरतो, भक्तांना आशीर्वाद व सल्ला देतो. संचार घडवून आणण्याची जबाबदारी बव्हंशी इया वाजविणाऱ्यावर असते. म्हणून त्याचे कौशल्य हा केवळ कलेचा विषय राहत नाही.

इतर वाद्यप्रकार : १८३६ मध्ये हाव्हॅना बंदरापलीकडील रेग्ला या वस्तीत काराबाली लोकांनी अबाकुआ हे पुरुषांचे गुप्त मंडळ स्थापन केले. या मंडळात एकुए नावाचा ढोल पडद्याआड असतो. घर्षणाने निघणारा त्याचा बिबळ्यासारखा आवाज बाहेर ऐकू येतो, पण तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. याउलट पिसांनी सजविलेला सेसे हा ढोल सर्वांना दाखवितात, पण वाजवीत नाहीत. आरारा, माकुता व युका हे ढोलप्रकारही महत्त्वाचे आहेत. उपासनेबाहेरील लौकिक परंपरेत रुंबा प्रमुख होय. हाव्हॅना व मातान्सास येथील गोदी-कामगार व चाळींतील रहिवासी यांच्यामध्ये एकोणिसाव्या शतकात ती वाढली. याम्बू, ग्वाग्वांको व कोलुंबिया हे तिचे मुख्य प्रकार आहेत. ढोलांच्या अभावी मालाच्या लाकडी खोक्यांवरही रुंबा वाजविली जाई. दोन लाकडी दांड्यांच्या आघातांनी धरलेला ‘क्लावे’ हा ताल तिचा कणा आहे.

दडपणुकीचा काळ : १९०२ मध्ये क्यूबा प्रजासत्ताक झाले, परंतु कृष्णवर्णीयांच्या उपासनेकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी बदलली नाही. ही उपासना म्हणजे जादूटोणा व गुन्हेगारी, अशी समजूत वृत्तपत्रांनी पसरविली. पोलिसांनी घरांवर छापे घालून ढोल जप्त केले. त्यांपैकी काही नष्ट झाले, तर काही वस्तुसंग्रहालयांत गेले. गुप्तता हेच त्या काळी परंपरेच्या रक्षणाचे साधन ठरले.

अभ्यासक व प्रवासी : या विषयाचा पाया घालणारे क्यूबन विद्वान फेर्नांदो ओर्तिस (१८८१–१९६९) यांचा प्रारंभीचा दृष्टिकोन याच समजुतीचा होता. १९०६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी आफ्रिकी उपासकांचा विचार गुन्हेगारीशास्त्राच्या चौकटीत केला. पुढे उपासकांच्या सहवासात त्यांची मते पालटली. १९४० मध्ये त्यांनी ‘संस्कृतिसंक्रमण’ या अर्थाची नवी संज्ञा प्रचारात आणली आणि १९५२ ते १९५५ या काळात आफ्रो-क्यूबन वाद्यांवरील पंचखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या व्याख्यानाच्या निमित्ताने बाता ढोल प्रथमच जाहीर सभागृहात वाजविण्याची व्यवस्था केली. पाब्लो रोचे या श्रेष्ठ वादकाचा त्यात सहभाग होता. या प्रसंगासाठी प्रतिष्ठापना न केलेले ढोल वापरण्यात आले. पवित्र ढोल विधीसाठी व साधे ढोल रंगमंचासाठी हा भेद तेव्हापासून रूढ झाला. लिदिया काब्रेरा (१८९९–१९९१) या लेखिकेने पॅरिसमधील वास्तव्यानंतर मायदेशी परतून वृद्ध उपासकांकडून माहिती मिळविली व ती १९५४ मध्ये एल मोंते या ग्रंथात बव्हंशी त्यांच्याच शब्दांत मांडली.

परदेशी अभ्यासकांपैकी नायजेरियात आधी संशोधन केलेले अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विल्यम बॅस्कम यांनी १९४८ मध्ये मातान्सास प्रांतातील होवेयानोस येथे क्षेत्रीय अभ्यास केला. उलट दिशेनेही प्रवास झाला. चानो पोसो (१९१५–४८) हा अबाकुआ परंपरेतील वादक न्यूयॉर्कला गेला. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात सामील होऊन त्याने जॅझ संगीताला नवी लय दिली. पुढील दशकात नर्तकी कॅथरिन डनम यांच्या पथकाबरोबर फ्रान्सिस्को आग्वाबेया व हूलियो कोयासो हे बातावादक अमेरिकेत गेले. १९५९ मध्ये वॉल्टर किंग हा कृष्णवर्णीय अमेरिकन मातान्सासला जाऊन दीक्षा घेऊन परतला. त्याने १९७० मध्ये साउथ कॅरोलायना राज्यात ओयोतुंजी हे योरुबा पद्धतीचे गाव वसविले. पूर्वजांचा लोपलेला धर्म आफ्रिकेऐवजी क्यूबात शोधण्याचा हा प्रयत्न होता.

क्रांतीनंतरचा काळ : १९५९ च्या क्रांतीनंतर शासनाने लोककलांना राष्ट्रीय वारसा मानले. १९६२ मध्ये राष्ट्रीय लोककला पथक स्थापन झाले व त्यात उपासनेतील जाणकार वादक-गायकांना वेतनावर नेमण्यात आले. परंतु रंगमंचावर गौरविल्या जाणाऱ्या याच कलावंतांच्या धर्माकडे शासन मागासलेपणाचे लक्षण म्हणून पाहत असे. श्रद्धाळू व्यक्तींना साम्यवादी पक्षाचे सभासदत्व मिळत नसे. ही अट १९९१ मध्ये रद्द झाली व १९९२ च्या घटनादुरुस्तीने राज्य निरीश्वरवादी न राहता धर्मनिरपेक्ष बनले. तत्पूर्वी १९८७ मध्ये नायजेरियातील इफे या पवित्र नगरीचे ओनी म्हणजे परंपरागत राजे क्यूबाच्या भेटीस आले होते. ही घटना उपासकांना अतिशय महत्त्वाची वाटली.

१९८० साली मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन अमेरिकेत गेले. त्यांत ओर्लांदो रिओस यांच्यासारखे वादकही होते. त्यामुळे न्यूयॉर्क येथेही बाताचे शिक्षण मिळू लागले. तरीही मूळस्थानी जाण्याची ओढ कमी झाली नाही. राष्ट्रीय पथकाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी हाव्हॅनात वर्ग चालविले. सकाळी ढोल, दुपारी नृत्य व सायंकाळी एखाद्या घरी विधीचे दर्शन, असा सर्वसाधारण शिक्षणक्रम असे. मातान्सास येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या मुन्येकितोस या रुंबा पथकाकडेही विद्यार्थी येऊ लागले. अमेरिकन नागरिकांच्या प्रवासावर त्यांच्या शासनाने १९६३ पासून निर्बंध घातले होते. ते कधी सैल तर कधी कडक होत गेले. २०१६ च्या सुमारास सैल झालेले निर्बंध २०१९ मध्ये पुन्हा आवळण्यात आले.

प्रश्न व परिणाम : सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर क्यूबाची अर्थव्यवस्था कोसळली आणि पर्यटन हे परकीय चलनाचे मुख्य साधन बनले. १९९३ मध्ये डॉलर बाळगण्यास कायदेशीर मुभा मिळाली. परदेशी शिष्याकडून मिळणारी दक्षिणा वादकाच्या मासिक वेतनापेक्षा कितीतरी अधिक असे. त्यामुळे वृद्ध वादकांना मान व अन्न मिळाले आणि तरुण या विद्येकडे वळले. त्याचबरोबर घाईने दिलेल्या दीक्षा, वाढत्या दक्षिणा आणि पर्यटकांसाठी योजलेले विधी यांवर उपासकांमधूनच टीका झाली. स्त्रियांच्या वादनाचा प्रश्नही याच काळात पुढे आला. त्यांना आन्याचे ढोल वर्ज्य असले, तरी १९९० नंतरच्या दशकात हाव्हॅनातील स्त्रियांनी साध्या बाता ढोलांवर वादन करणारी पथके उभी केली. परदेशी विद्यार्थिनींच्या आगमनाने या चर्चेला चालना मिळाली.

पूर्व क्यूबातील तुंबा फ्रान्सेसा या नृत्यवादनप्रकाराला २००३ मध्ये व रुंबेला २०१६ मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. ज्या ढोलांचा आवाज पोलिसांच्या कानी जाऊ नये म्हणून दारे बंद करावी लागत, तेच ऐकण्यासाठी आता लोक समुद्र ओलांडून येतात. मात्र परंपरेचा सर्व भाग आगंतुकास खुला झालेला नाही. बाहेरून आलेला विद्यार्थी तालबंध लिहून घेऊ शकतो, ध्वनिमुद्रित करू शकतो. परंतु गाभाऱ्यातील वादनाचा अधिकार दीक्षा व दीर्घ सेवा यांवाचून मिळत नाही. दाखवावयाचे काय आणि राखून ठेवावयाचे काय, हे ठरविण्याचा हा हक्क उपासकांनी गुलामगिरी, पोलिसी छळ व राजकीय उपेक्षा यांच्या काळातही सोडला नाही. पर्यटनाच्या काळातही या परंपरेचे भवितव्य मुख्यतः त्याच हक्काच्या जपणुकीवर अवलंबून आहे.