घड्याळाचा पट्टा
मनगटी घड्याळ मनगटावर धरून ठेवणारा चामडे, धातू, रबर किंवा नायलॉन यांचा बंद. वेळोवेळी तेलपाणी झाल्यास घड्याळाची यंत्रणा अनेक दशके चालते. पट्टा मात्र घाम, दमट हवा व सततचे वाकणे यांमुळे काही वर्षांतच झिजतो. म्हणून जुन्या घड्याळाला वारंवार नवा पट्टा लावावा लागतो. ही निवड केवळ शोभेची नसून घड्याळाच्या बांधणीवर, पर्यायाने त्याच्या निर्मितिकाळावर अवलंबून असते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात पुरुष खिशातील साखळीचे घड्याळ वापरीत, मनगटी घड्याळ हा स्त्रियांचा अलंकार समजला जाई. दुसऱ्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) काही सैनिकांनी खिशातील घड्याळे चामड्याच्या खोबणीत बसवून मनगटावर बांधली. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) अनेक घड्याळांच्या कवचाला तारेच्या पक्क्या कड्या जोडलेल्या असत व पट्टा त्यांतून ओवावा लागे. पुढे काढता-घालता येणारी स्प्रिंगची पिन रूढ झाली आणि दोन तुकड्यांचा पट्टा बदलणे सोपे झाले. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ मध्ये नायलॉनच्या पट्ट्याचे मानक ठरविले. हा पट्टा कवचामागून अखंड जात असल्याने एक पिन निसटली, तरी घड्याळ खाली पडत नाही.

मुंबई–ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथून मुंबईस जाणाऱ्या नोकरदारांचा दिवस गाडीच्या वेळेशी बांधला गेला आणि घड्याळ ही गरजेची वस्तू ठरली. फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड यांसारखी स्विस घड्याळे भारतात आयात होत. १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर येथे घड्याळनिर्मितीस प्रारंभ केला. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’ ही तिची चावीची घड्याळे घरोघरी पोहोचली. १९८७ पासून टायटनची क्वॉर्ट्‌झ घड्याळे बाजारात आली. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. जुन्या नमुन्यांचे मूळ पट्टे दुर्मिळ झाल्यामुळे आता नावापेक्षा मापावर भर द्यावा लागतो.

निवड : कवचाच्या दोन कानांमधील आतले अंतर मिमी. मध्ये मोजतात. जुना पट्टा दाबून किंवा कापून बसविलेला असू शकतो, म्हणून त्याचे माप प्रमाण मानीत नाहीत. पुरुषांच्या जुन्या घड्याळांत हे अंतर बहुधा १६ ते २० मिमी. असते, एचएमटीच्या अनेक नमुन्यांत ते १८ मिमी. आढळते. अरुंद पट्टा पिनेवर सरकतो, तर रुंद पट्टा दुमडून लवकर फाटतो. पिनेची टोके कानांतील छिद्रांत नीट बसणे आवश्यक असते. पक्की कडी असलेल्या घड्याळास अखंड किंवा उघड्या टोकाचा पट्टाच योग्य होय. कडी कापल्यास घड्याळाचे मूळ रूप कायमचे नष्ट होते. लहान व पातळ घड्याळास जाड, फुगीर पट्टा लावल्यास पिनेवर ताण येतो. सोन्याचा मुलामा असलेल्या कवचावर धातूच्या साखळीची टोके घासून आतील पितळ उघडे पडते. तेथे मऊ चामडे श्रेयस्कर ठरते.

ठाणे जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात हवा अतिशय दमट असते. चामड्यास बुरशी येते व पिना गंजतात. त्या दिवसांत नायलॉनचा पट्टा उपयुक्त होतो. गंजलेली पिन बाहेरून शाबूत दिसली, तरी लोकलच्या गर्दीत एका धक्क्यानेही निसटू शकते आणि पडलेले घड्याळ क्वचितच परत मिळते. म्हणून पट्ट्याबरोबर पिनाही बदलणे इष्ट असते. मूळ बक्कल शाबूत असल्यास ते नव्या पट्ट्यास लावता येते. त्यायोगे घड्याळाच्या काळाची खूण टिकून राहते.