कारण विचारायला लाइपझिगला गेलेली बाई



नागपंचमीला आपण ज्वारीच्या लाह्या फोडतो. कढई तापते, एक दाणा तडतडून उडतो आणि शेजारचा मात्र तसाच बसून राहतो. असं का, म्हणून कोणी विचारलं तर आपण सांगू, याला आच जास्त लागली, त्याच्यात ओल कमी होती, तिसऱ्याचं टरफल जाड होतं. नेमकं कारण माहीत नसलं तरी काहीतरी कारण आहे, याबद्दल आपल्या मनात शंका नसते.

आता दाण्यांऐवजी अणू घ्या. रेडियम बी नावाचा एक पदार्थ आहे. हे त्याचं जुनं नाव, आज त्याला शिशाचा एक किरणोत्सारी प्रकार म्हणून ओळखतात. त्याचा अणू केव्हातरी एक इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो आणि वेगळ्याच मूलद्रव्याचा अणू होऊन बसतो. असे असंख्य अणू घेतले तर साधारण २७ मिनिटांत त्यांतले निम्मे बदललेले असतात. हा हिशेब चुकत नाही. पण त्यांतला कोणता आधी जाणार आणि कोणता नंतर, हे सांगता येत नाही. सगळे अणू एकसारखे. कुणात ओल कमी नाही की कुणाचं टरफल जाड नाही. १९२५-२६ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पुंजयामिकीचं, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सचं, म्हणणं असं की ही आपल्या माहितीतली उणीव नाही, याहून जास्त सांगता येणारच नाही.

हे ऐकून एक बाई अस्वस्थ झाल्या. त्यांचं नाव ग्रेटे हेरमान. १९०१ साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात जन्मलेल्या. गटिंगेनच्या विद्यापीठात थोर गणिती एमी नोएथर यांच्या हाताखाली त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या लिओनार्ड नेल्सन या तत्त्वज्ञाच्या सहायक झाल्या. नेल्सन हे कांटच्या विचारांना मानणारे. कारणाशिवाय काही घडत नाही, हा त्या विचारांचा पायाच. तेव्हा गणितात मुरलेल्या, पण या नव्या भौतिकशास्त्रात नवख्या असलेल्या ग्रेटेबाई १९३४ मध्ये थेट लाइपझिगला गेल्या. तिथे वर्नर हायझेनबर्ग होते, पुंजयामिकीच्या जन्मदात्यांपैकी एक. वयाने बाईंपेक्षा काही महिन्यांनी लहान, आणि नोबेल पारितोषिक नुकतंच मिळालेलं.

काळ कोणता होता, तेही ध्यानात घ्या. हिटलर सत्तेवर येऊन वर्ष उलटलं होतं. नोएथरबाई ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली होती. ग्रेटेबाई स्वतः नाझींच्या विरोधात चोरून काम करणाऱ्या गटात होत्या. अशा दिवसांत त्या अणूच्या कारणाचा पिच्छा पुरवत होत्या.

हायझेनबर्ग आणि त्यांचे तरुण सहकारी वायत्सेकर यांनी त्यांना झटकून टाकलं नाही, वाद घातला. बाईंचा मुद्दा सरळ होता. कारण सापडलं नाही याचा अर्थ कारण नाही असा होत नाही, तुमचा शोध अपुरा आहे. त्यावरचं उत्तर मात्र विचारात पाडणारं होतं. इलेक्ट्रॉन काही प्रयोगांत लाटेसारखा वागतो. विहिरीत दगड टाकला की तरंग चहूकडे पसरतात, तसा. आता इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने जाणार हे आतल्या एखाद्या छुप्या कारणाने आधीच ठरलेलं असेल, तर चहूकडे पसरणाऱ्या लाटेची खूण प्रयोगात उमटायला नको. ती तर उमटते. म्हणजे छुपं कारण जोडायला जावं तर जे प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशीच त्याचं वाकडं येतं.

बाईंनी हे ऐकून घेतलं, पण नुसत्या शब्दावर मान्य केलं नाही. जॉन फॉन नॉयमन या अत्यंत बुद्धिमान गणितज्ञाचं १९३२ सालचं पुस्तक तेव्हा प्रमाण मानलं जाई. छुपी कारणं असूच शकत नाहीत, हे त्यात गणिताने ‘सिद्ध’ केलं होतं. ग्रेटेबाईंनी ती सिद्धता ओळीओळीने तपासली आणि खोट काढली. अणूंच्या मोठ्या समूहाच्या सरासरीला बेरजेचा एक नियम लागू पडतो. छुप्या कारणांनुसार अणू निवडून वेगळे काढले, तर त्या निवडलेल्या अणूंनाही तो लागू पडेल, असं फॉन नॉयमन यांनी गृहीत धरलं होतं. पण प्रश्न तर तोच होता! जे सिद्ध करायचं तेच आधी पदरात घेतलेलं.

मला या बाईंचं मोठेपण पुढच्या गोष्टीत दिसतं. प्रतिपक्षाच्या किल्ल्याला भगदाड पाडूनही, मी जिंकले, असं त्या म्हणाल्या नाहीत. १९३५ च्या आपल्या निबंधात त्यांनी लिहिलं ते साधारण असं. मोजमाप झाल्यावर मागे वळून पाहिलं तर घटनेची कारणं सांगता येतात, फक्त ती आधी सांगता येत नाहीत. कारण असणं आणि भाकीत करता येणं या दोन गोष्टी आपण एकच समजत आलो. लाह्या पुढच्या वर्षी फोडाल तेव्हा यावर जरूर विचार करा.

त्या निबंधाचं काय झालं? तो तत्त्वज्ञानाच्या एका छोट्या नियतकालिकात आला. भौतिकशास्त्रज्ञ वाचत त्या साप्ताहिकात त्याचा गोषवारा छापून आला, पण त्यात फॉन नॉयमनवरची टीका नव्हती. बाई म्हणून दुर्लक्ष झालं असं कुणी म्हणेल. तेही असेल, पण मला वाटतं, फॉन नॉयमन या नावाचा दराराच जास्त भोवला. १९३६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. आधी डेन्मार्क, मग इंग्लंड. तीस वर्षं उलटल्यावर, १९६६ मध्ये, जॉन बेल या शास्त्रज्ञाने तीच खोट स्वतंत्रपणे दाखवली, तेव्हा जग जागं झालं. बेल यांच्या कामातून निघालेल्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं.

युद्धानंतर ग्रेटेबाई मायदेशी परतल्या आणि ब्रेमेनमध्ये होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवू लागल्या. १९६९ मध्ये हायझेनबर्ग यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात लाइपझिगच्या त्या वादाला एक अख्खं प्रकरण दिलं आहे. बाई तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या.