खो-खोची मालकी कोणाची?

काही महिन्यांपूर्वी जालना जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान मेळाव्याला जाण्याचा योग आम्हाला आला. नववीतल्या दोन मुलांनी संगणकावर स्वतः रचलेला एक खेळ मांडला होता. पडद्याच्या दोन कडांना दोन उभ्या फळ्या आणि मध्ये धावणारा एक ठिपका. ठिपका फळीवर आपटला की उलट फिरतो; फळी चुकली की समोरच्याला गुण. आम्ही कौतुक केले, तेव्हा त्यांतील एकाने विचारले, "सर, असा खेळ आधी कुणीतरी काढलाय ना? मग आम्हाला त्याची परवानगी लागते का?" त्यांचे शिक्षक हसून म्हणाले, "अरे, खेळाला कसली परवानगी? खो-खो खेळताना कुणाला विचारतोस?"

शिक्षकांचे उत्तर आपल्या देशापुरते बरोबर आहे. पण मुलाची शंकाही चुकीची नव्हती. उलट फिरणाऱ्या त्या ठिपक्यावर अमेरिकेत एके काळी खरोखरच पेटंट होते. खेळाचा नियम कोणाच्या मालकीचा असू शकतो का, हा प्रश्न तेव्हापासून आजवर न्यायालयांत फिरतो आहे. त्याचा इतिहास पाहताना आपण पुण्याला जाऊ, अमेरिका-जपानला जाऊ आणि शेवटी पुन्हा जालन्यालाच येऊ.

पेटंट म्हणजे सौदा

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा समाज आणि संशोधक यांच्यातला सौदा आहे. संशोधकाने आपली युक्ती सर्वांना उघड करून सांगायची. त्या बदल्यात समाजाने त्याला ठरावीक काळ मक्तेदारी द्यायची. भारतात ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षांची आहे. युक्ती नवी हवी, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोगी नको आणि उद्योगात वापरता येण्याजोगी हवी, अशा तीन कसोट्या असतात.

पेटंट आणि कॉपीराइट यांत गल्लत होऊ देऊ नये. कॉपीराइट मिळतो तो अभिव्यक्तीला: खेळातील चित्रांना, संगीताला, संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञावलीला. ट्रेडमार्क राखतो खेळाचे नाव. या दोहोंतून एक गोष्ट सुटते, ती म्हणजे खेळाची रीत: काय केले की काय होते, कोण कधी बाद, गुण कसे मिळतात. या रीतीवर हक्क सांगायचा तर पेटंटचाच रस्ता उरतो.

पटावरचे आणि मैदानावरचे खेळ

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली प्रथम बांधले, असे या खेळाचा इतिहास सांगतो. पुढे ते अनेकदा बदलले. मातीच्या जागी मॅट आली. २०२२ साली सुरू झालेल्या एका व्यावसायिक स्पर्धेत कोणत्याही दिशेने धावू शकणारा 'वजीर' आला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. यांपैकी कोणत्याही पायरीवर कोणा मालकाची संमती घ्यावी लागली नाही.

बॅडमिंटनचेही तसेच. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांत हा खेळ इतका रुळला होता, की त्याला 'पूना' असेही म्हणत. त्यांचे नियम इंग्लंडला गेले आणि १८९३ साली स्थापन झालेल्या तिथल्या संघटनेने त्यांत सुधारणा केल्या.

याच सुमारास इंग्लंडमध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी लॉन टेनिसच्या मैदानाचे आणि साहित्याचे पेटंट घेतले. साल होते १८७४. त्यांचे मैदान डमरूसारखे होते, जाळीपाशी अरुंद आणि टोकांना रुंद. १८७७ साली विंबल्डनला पहिली स्पर्धा झाली ती आयताकृती मैदानावर, वेगळ्या नियमांनी. त्याच वर्षी विंगफील्ड यांनी पेटंटची मुदत संपू दिली. आज आपण जे टेनिस पाहतो ते पेटंटमधले नव्हे, लोकांनी बदलून घेतलेले आहे.

पटावरच्या खेळांची गोष्ट अधिक बोलकी आहे. आपल्या पचिसीच्या सोप्या रूपावर इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात 'लुडो' म्हणून पेटंट दिले गेले. ते केव्हाच संपले. म्हणूनच २०१६ साली नवी मुंबईच्या एका कंपनीला 'लुडो किंग' हा मोबाइलवरचा खेळ काढता आला. पचिसी जगभर फिरून घरी आली, पण वाटेत तिला काही काळ कुलूप लागले होते.

पेटंटने खऱ्या शोधकाचे भले होते का? अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या महिलेने जमीनदारीतली विषमता लोकांना कळावी म्हणून एक पटखेळ रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. लोक तो घरोघरी बदलून खेळू लागले. १९३५ साली त्याच्याच एका रूपाचे पेटंट चार्ल्स डॅरो यांच्या नावे दिले गेले. तोच आजचा 'मोनोपॉली', आपल्याकडच्या 'व्यापार'चा मूळपुरुष. कंपनीने मॅगी यांचे १९२४ सालचे दुसरे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले. पेटंट असूनही श्रेय आणि पैसा दुसरीकडे गेला.

ठिपक्यापासून पुढे

आता पडद्यावरच्या खेळांकडे वळू. राल्फ बेअर या अमेरिकी अभियंत्याने १९६६ पासून दूरचित्रवाणीच्या संचावर खेळ खेळण्याचे यंत्र विकसित केले. मॅग्नाव्हॉक्स कंपनीने ते 'ओडिसी' नावाने १९७२ साली बाजारात आणले. त्याच वर्षी अटारी कंपनीचा 'पाँग' आला: दोन फळ्या आणि एक ठिपका. मॅग्नाव्हॉक्सने १९७४ साली खटला भरला. १९७६ साली तडजोड होऊन अटारीने परवाना घेतला. पुढच्या वर्षांत या पेटंटांपोटी इतर कंपन्यांकडूनही वसुली झाली आणि एकूण रक्कम दहा कोटी डॉलरांच्या पुढे गेली.

इथे न्याय्य काय, हे सांगणे सोपे नाही. बेअर यांनी खरोखर यंत्र बनवले होते आणि त्यातील मंडले नवी होती. पण पेटंटातील दाव्यांचा आवाका त्या मंडलांपुरता राहिला नाही. पडद्यावरच्या एका चिन्हाने दुसऱ्याला आदळून त्याची दिशा बदलावी, ही रीतही त्यात आली. यंत्रावरचा हक्क असा हळूच नियमावर सरकतो.

पुढे यंत्र मागे पडले आणि रीतच पुढे आली. खेळ संगणकात भरला जात असताना वाट पाहणाऱ्याला दुसरा छोटा खेळ देण्याची कल्पना जपानच्या नाम्को कंपनीने पेटंट केली. ते अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाले आणि २०१५ साली संपले. तोवर यंत्रे इतकी वेगवान होत गेली होती की वाट पाहण्याचा काळच आटू लागला होता. कल्पना खुली झाली, पण तिची गरज ओसरताना.

२०१४ सालच्या एका खेळात शत्रू खेळाडूला लक्षात ठेवतात, हरवले की सूड घ्यायला परत येतात, त्यांच्यात बढत्या होतात, अशी रचना होती. तिचे पेटंट वॉर्नर ब्रदर्सला २०२१ साली मिळाले आणि ते २०३६ पर्यंत चालायचे आहे. पण ज्या स्टुडिओने हा खेळ घडवला, तो कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला. कारागीर गेले, कुलूप मात्र राहिले.

सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने 'पालवर्ल्ड' या खेळाच्या निर्मात्यांवर टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. पालवर्ल्ड आला होता जानेवारी २०२४ मध्ये. दाव्यातील तीन पेटंटांचे अर्ज त्यानंतर केलेले होते. मात्र ते २०२१ सालच्या जुन्या अर्जांची विभागणी करून केलेले असल्याने कायद्याच्या दृष्टीने त्यांची तारीख जुनीच धरली जाते. दावा चालू असतानाच पालवर्ल्डच्या निर्मात्यांनी गोळा फेकून प्राणी बोलावण्याची रीत खेळातून काढून टाकली.

दुसरी बाजू

कंपन्यांचे म्हणणे निराधार नाही. खेळाची रीत लपवता येत नाही. जो खेळतो त्याला ती दिसतेच. 'थ्रीज' हा आकड्यांचा खेळ दोघा-तिघांनी वर्षभराहून अधिक काळ खपून फेब्रुवारी २०१४ मध्ये आणला. महिनाभरात त्याच धर्तीचा '२०४८' आला, तोही फुकट. आपल्या विद्यार्थ्यांना २०४८ ठाऊक असतो, थ्रीज बहुधा नसतो. मूळ रचनाकारांवर हा अन्याय वाटतो. पण पेटंटने तो टळला असता का? पेटंट मंजूर व्हायला वर्षे लागतात, खर्च येतो, आणि वापरायचे तर खटला लढावा लागतो. हे ज्यांना परवडते त्या मोठ्या कंपन्याच असतात. लहान माणसासाठी म्हणून मागितलेली ढाल प्रत्यक्षात मोठ्याच्या हातची तलवार होते.

कलम तीनमधले शेजारी

भारतात काय स्थिती आहे? १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ कशाला पेटंट मिळणार नाही याची यादी देते. २००२ सालच्या दुरुस्तीने या यादीत काही नोंदी वाढल्या. त्यांतील ३ (एम) म्हणते की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध नव्हे. ३ (के) संगणकाच्या निव्वळ आज्ञावलीला वगळते. आणि त्याच दुरुस्तीतली ३ (जे) म्हणते की वनस्पती, त्यांचे भाग, बियाणे आणि वाण यांना पेटंट नाही. खेळ आणि बियाणे असे एकाच यादीत शेजारी बसले आहेत. इथे जालना येते.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. सुरुवातीच्या कामात दिल्लीच्या सरकारी संशोधन संस्थेचे भेंडीचे 'पुसा सावनी' हे वाण होते. म्हणजे मूळ भांडवल सर्वांसाठी खुले होते. पुढे जालना बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखले जाऊ लागले. या सबंध काळात बियाण्यावर पेटंट नव्हते. मग कंपन्या टिकल्या कशा? संकरित बियाण्याचा गुण पुढच्या पिढीत विखुरतो, हे मेंडेलचे नियम शिकवताना आपण सांगतोच. त्यामुळे शेतकऱ्याला दर हंगामात नवे बी घ्यावे लागते आणि मूळ पितृवाणे कंपनीकडेच राहतात. कुलूप निसर्गानेच घातलेले होते.

महिकोने १९९८ साली मोन्सँटो या अमेरिकी कंपनीशी भागीदारी केली आणि मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घालण्याच्या पद्धतीवर मोन्सँटोला २००८ साली भारतीय पेटंट मिळाले. शुल्कावरून हैदराबादच्या नुझिवीडू कंपनीशी वाद झाला. बियाण्याला पेटंट नाही, मग बियाण्यातील जनुकाला कसे, हा कळीचा मुद्दा ठरला. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३ (जे) च्या आधारे पेटंट अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून साक्षीपुराव्यानिशी खटला चालवण्यास सांगितले. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि २०२१ साली उभयतांत तडजोड झाली. मूळ प्रश्न अनिर्णीतच राहिला.

यातून खेळांसाठी धडा आहे. कायद्याने कुंपण घातले तरी शब्दांच्या फटीतून वाट काढता येते. 'आम्ही बियाणे नव्हे, जनुक मागतो' असे म्हणता येते. तसेच 'आम्ही खेळाची रीत नव्हे, पडद्यावर माहिती दाखवणारी संगणक-व्यवस्था मागतो' असेही म्हणता येते. आज्ञावलीने तांत्रिक परिणाम साधला असेल तर नुसत्या ३ (के) कडे बोट दाखवून अर्ज फेटाळू नये, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली एका प्रकरणात म्हटले आहे. ते योग्यही आहे. पण म्हणूनच परिणाम तंत्राचा आहे की खेळाच्या रीतीचा, हे तपासणाऱ्याने प्रत्येक वेळी डोळे उघडे ठेवून पाहावे लागेल.

आम्हाला काय वाटते

नवे यंत्र, हाताळण्याचे नवे साधन, चित्र वेगाने उमटवण्याची नवी युक्ती यांना पेटंट मिळावे. खेळाच्या रीतीला मिळू नये. बी जसे पुढच्या पिकाचे मूळ असते तशी रीत पुढच्या खेळाचे मूळ असते. खेळांच्या जगात वीस वर्षे म्हणजे कित्येक पिढ्या; तेवढा काळ बी कोठारात राहिले तर पेरणार काय?

मूळ कर्त्याला काहीतरी संरक्षण हवेच असेल, तर त्याचा नमुनाही बियाण्याच्या कायद्यातच सापडतो. २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा पैदासकाराला त्याच्या वाणावर हक्क देतो. पण संशोधकाने ते वाण वापरून नवे वाण घडवण्याची मुभाही ठेवतो, आणि शेतकऱ्याला बी राखण्याचे, पेरण्याचे, देण्याघेण्याचे स्वातंत्र्य देतो. फक्त कंपनीच्या छापाने ते विकता येत नाही. पूर्ण कृती कर्त्याची, तिच्यापासून पुढे जाण्याची वाट सर्वांची, अशी ही वाटणी आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चार गट करून प्रत्येकाला खो-खोत एक नवा नियम घालायला सांगावे. मग पहिल्या गटाने जाहीर करावे की आमचा नियम दहा दिवस इतरांनी वापरायचा नाही. त्या दहा दिवसांत कोणत्या गटाचा खेळ सुधारतो आणि कोणाचा थांबतो, याची मुलांनीच नोंद ठेवावी. नववीतल्या त्या मुलाला आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले, की ठिपक्यावरचे पेटंट तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी संपले आहे. आता त्यात तुझी भर घाल.