मांजरीच्या पिल्लाचे खाणे बदलल्यावर पोट बिघडते तेव्हा

घरी मांजरीचे पिल्लू आणले की दोन-तीन दिवसांत त्याला जुलाब लागतात, हा अनुभव आपल्या मंडळींपैकी पुष्कळांना असेल. "नवी जागा आहे, बावरले असेल" असे म्हणून आपण ते सोडून देतो. जागेचा ताण हे एक कारण खरेच आहे, पण पुष्कळदा खरे कारण वाटीतच असते. पिल्लू आधी जिथे होते तिथे ते काय खात होते, हे विचारायचेच राहून जाते.

जन्मल्यापासून साधारण चार आठवडे पिल्लू आईच्या दुधावर असते. चौथ्या आठवड्यानंतर ते घट्ट अन्न चाटू लागते आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध बहुतेक सुटते. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज नावाचे पाचकद्रव्य दूध सुटत जाईल तसे आतड्यात कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथल्या जंतूंमुळे ती आंबते, पोट फुगते आणि पातळ शी होते. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा ही साखर जास्त आणि प्रथिने निम्म्याहून कमी असतात. म्हशीच्या दुधात वरून स्निग्धांश सहा-सात टक्के. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण खरी असली, तरी ते दूध त्याला मानवतेच असे नाही. चार आठवड्यांखालचे आईविना पिल्लू हाती आले, तर पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरावी, घरचे दूध नको. दूध सुटलेल्या पिल्लाला प्यायला स्वच्छ पाणी पुरते.

आता आपल्याकडच्या एका नाजूक विषयाबद्दल. इंदूर-सिमरोल भागात आपल्यातली अनेक घरे शाकाहारी आहेत आणि मांजराला दूध-पोळी, दूध-भात, फार तर वरण-भात मिळतो. कुत्रा त्यावर कसाबसा निभावतो, मांजर निभावत नाही. ते मुळातच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही आणि तो फक्त प्राणिज अन्नातच भरपूर असतो. त्याच्या कमतरतेने डोळ्यांचा पडदा खराब होतो. हृदयाचे स्नायू सैल पडून मांजरे दगावतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले. त्यानंतर तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले. घरात मांस शिजवायचे नसेल तर हरकत नाही, पिल्लांसाठीचे तयार खाद्य आणावे. पण आपला आहारधर्म मांजरावर लादू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण अशी की चूक लक्षात आल्यावर आपण ती एका दिवसात सुधारायला जातो. आमच्या घरी हेच झाले. शेजारच्या पडवीत मांजर व्याली होती, तिची दोन पिल्लं सहा-सात आठवड्यांची असताना आमच्याकडे आली. चार दिवस दूध-पोळी दिली, मग कोणी सांगितले म्हणून पाचव्या दिवशी एकदम कोरडे खाद्य भरून वाटी ठेवली. दोघांनी अधाशासारखे खाल्ले. रात्री जुलाब सुरू झाले. "खाणे बदलले आहे, उद्या बसेल पोट" म्हणून मी दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी लहान पिल्लू गार पडले होते आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत गेले. दुसरे सलाईन आणि जंताच्या औषधाने वाचले. खाणे बदलणे हे निमित्त होते, जंत आधीपासून होतेच, असे डॉक्टरांनी सांगितले.

बदल करायचा तो सात ते दहा दिवसांत. पहिले दोन दिवस तीन भाग जुने आणि एक भाग नवे, पुढचे दोन दिवस निम्मे-निम्मे, नंतर एक भाग जुने आणि तीन भाग नवे, सातव्या दिवसापासून पूर्ण नवे. मध्ये शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर परत यावे आणि तिथे दोन-तीन दिवस थांबावे. आतड्यातली पाचकद्रव्ये आणि तिथले उपयोगी जंतू नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला एवढा वेळ घेतात. जुने खाणे दूध-पोळीच असेल तर दूध पाणी घालून पातळ करत कमी करावे आणि कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे, वाटी भरून ठेवू नये. पावसाळ्यात सुटे खाद्य सादळते आणि त्याला बुरशी धरते, म्हणून लहान पाकीट आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओले खाद्य उन्हाळ्यात तासाभरापेक्षा जास्त उघडे राहू देऊ नये.

पोट बिघडलेच, तर मोठ्या माणसासारखे लंघन पिल्लाला घडवू नये. त्याच्या अंगात साठा फार थोडा असतो, रक्तातली साखर लवकर उतरते. बिनमिठाची, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी एक-दोन दिवस थोडी थोडी चालते. कांदा-लसूण घातलेले काहीही देऊ नये, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी नष्ट होतात. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. जुलाब थांबवायच्या माणसांच्या गोळ्या, बाळगुटीतली मुरडशेंग, हिंग, ओवा हे सगळे कपाटातच राहू द्यावे.

खाण्यामुळे झालेले जुलाब असतील तर पिल्लू खेळते, खाते, फक्त शी पातळ असते. पण ते सुस्त पडले, खाणे सोडले, पुन्हा पुन्हा उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसले, हिरड्या कोरड्या-चिकट लागल्या किंवा अंग गार वाटले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मांजराचे नेहमीचे तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असते. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य रोग सुरुवातीला अगदी पोट बिघडल्यासारखाच दिसतो आणि लस न घेतलेली पिल्लं त्यात फार वेगाने जातात. त्याची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. जंत आईच्या दुधातूनही येतात, म्हणून पिल्लू आणल्यावर खाणे बदलण्याआधीच जंताचे औषध विचारून घ्यावे. हे जंत माणसांनाही बाधू शकतात. मातीचा डबा साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत, नातवंडांचेही.

एक सवय मला बँकेतल्या दिवसांमुळे सोपी गेली, ती म्हणजे रोजची नोंद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचे रोज ठरावीक वेळी वजन करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. वाढत्या वयात ते रोज साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवे. दोन दिवस आकडा खाली आला, तर पिल्लू वरून कितीही हुशार दिसो, काहीतरी बिनसले आहे.

सिमरोलकरांना महू जवळ आहे. तिथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचे असून आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. निघण्याआधी दवाखान्याच्या वेळा विचारून घ्याव्यात. पशुचिकित्सेच्या फिरत्या गाडीसाठी राज्य सरकारचा १९६२ हा क्रमांक आहे. जाताना वजनाचा कागद, खाद्याचे पाकीट आणि स्वच्छ डबीत त्याच दिवसाची थोडी शी न्यावी. जंतांची अंडी आणि जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली त्यातच दिसतात. टोपलीत जुने सुती कापड आणि थंडीत त्याखाली कोमट पाण्याची बाटली ठेवावी, म्हणजे वाटेत पिल्लू गारठत नाही.