छत्रीशिवाय फोर्ट

लहानपणी बाबांबरोबर व्हीटीला उतरलं, की पाऊस कितीही असो, ते छत्री मिटलेलीच ठेवायचे. "कमानींखालून चल," म्हणायचे. दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कडेने आम्ही फ्लोरा फाउंटनपर्यंत बऱ्यापैकी कोरडे पोचायचो. मला वाटायचं, जुन्या लोकांना कमानींची हौस असेल.

हौस कसली, नियमच होता तो! १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली आणि हा रस्ता, तेव्हाचा हॉर्नबी रोड, रुंद झाला. पुढे १८९६च्या सरकारी नियमाने इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओवरी ठेवणं बंधनकारक केलं. वरचे मजले ज्याच्या त्याच्या आवडीचे, खालची वाट मात्र सगळ्यांची.

२००८ साली वांद्रे स्टेशनबाहेर मुंबईतला पहिला स्कायवॉक झाला. बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी हौसेने तो चढून आले आणि एवढंच म्हणाले, "तिकडे इमारतींनी आपल्याला जागा दिली होती रे. इकडे गाड्यांना जागा हवी म्हणून आपल्यालाच वर पाठवलंय."

आता बाबा नाहीत. कमानींखाली फेरीवाल्यांची गर्दीही असते. तरी पावसात फोर्टात गेलो, की माझी छत्री मिटलेलीच असते.